तीन ट्रंका आणि मागची खोली

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही कपडा टाकून दिलेला नाही, आणि अमुक कपडा आता जुना झाला, हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी कधी ऐकलेलं नाही. माणसं म्हातारी झाली, रस्ते उखडले, सरकारं आली आणि गेली, पण साडूंचा शर्ट मात्र जुना व्हायला तयार नव्हता. झालाच तर तो 'मुरायचा'. हा शब्दही त्यांचाच. लोणच्याबद्दल आपण जे बोलतो ते साडू पँटीबद्दल बोलत, आणि त्या दोन्ही गोष्टी त्यांच्या घरी साधारण एकाच मापाने, म्हणजे बरण्या भरभरून, साठवलेल्या असत. फरक इतकाच की लोणचं अधूनमधून संपायचं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईचे, यजमान. मूळचे ग्वाल्हेरचे. भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात पस्तीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये होते. कारखान्यात तयार झालेला प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावर यायचा, ते त्याला ठोकून, मोजून, उजेडात धरून बघायचे आणि मग त्याच्या गळ्यात एक चिठ्ठी बांधायचे. हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे दुरुस्ती, लाल म्हणजे भंगार. पस्तीस वर्षं हे केल्यावर माणूस संध्याकाळी घरी येतो तो काही डोळे कारखान्यात ठेवून येत नाही. ताईच्या पुऱ्या न फुगल्या तर ते त्या निमूटपणे ताटाच्या डाव्या कडेला सारायचे, म्हणजे त्या पिवळ्या चिठ्ठीत गेल्या असं समजायचं. उज्जैनला आमच्या लग्नात सगळे पाहुणे माझ्याशी हात मिळवत होते, तेव्हा या गृहस्थांनी माझ्या सुटाची बाही उलटी करून आतली शिलाई पाहिली आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "टाके बारीक आहेत. लग्न टिकायला हरकत नाही." आमचं लग्न टिकलं. सूटही टिकला, पण तो माझ्याकडे नाही. कसा ते पुढे येईलच.

चारचौघांच्या घरी कपड्याचं आयुष्य उताराला लागलेलं असतं. ऑफिसचा शर्ट दोन वर्षांनी घरात येतो, मग रंगपंचमीला कामी येतो आणि शेवटी त्याच्या बाह्या कापून त्याचा पोछा होतो. साडूंच्या घरी कुठल्याही कपड्यावर ही वेळ आली नाही. परिणाम असा की पिपलानीच्या बाजारातून पोछ्याचं कापड नवं कोरं विकत आणणारं अख्ख्या टाउनशिपमध्ये ते एकमेव घर होतं. रंगपंचमीला खराब करण्याजोगा एकही कपडा घरात सापडत नसल्यामुळे साडू रेनकोट घालून रंग खेळायला उतरायचे. मार्चअखेरच्या भोपाळच्या उन्हात, गळ्यापर्यंत बटणं लावलेला रेनकोट, वर टोपी. लोक त्यांना रंग लावायच्या आधी पाणी प्यायला द्यायचे.

त्यात भर कारखान्याची. दर दोन वर्षांनी प्रत्येकाला वर्दीचं कापड मिळायचं, राखाडी-निळं, जाड, जन्मभर न विटणारं. इतर लोक त्याच्या दोन वर्द्या शिवून उरलेलं कापड गावी पाठवायचे. साडूंनी एक इंचही टाउनशिपच्या बाहेर जाऊ दिलं नाही. त्यांच्या क्वार्टरचे पडदे त्या कापडाचे, सोफ्याच्या खोळी त्या कापडाच्या, रेडिओचं झाकण, छत्रीची पिशवी, ताईची भाजीची थैली, सगळं त्याच कापडाचं. हे सगळं ताईने शिवलेलं. ताईचा हात शिवणात फार चांगला होता. कामावरून आलेले साडू वर्दी न बदलता सोफ्यावर बसले, की दारातून आत येणाऱ्याला आधी फक्त चष्मा आणि मिशा दिसायच्या. मी एकदा त्यांच्या मांडीवर बसता बसता वाचलो आहे.

असं हे सगळं सुरळीत चाललेलं असताना एका दिवाळीत त्यांची मुलगी पुण्याहून आली. ती तिथे डिझाइनच्या कॉलेजात शिकत होती. तिने बापाची ट्रंक उघडली, त्यातून एक चौकड्यांचा शर्ट काढला. कॉलर अशी की वारा सुटला तर घालणारा उडून टाउनशिपच्या पलीकडे अवधपुरीत पडावा. तो शर्ट तिने छातीशी धरला आणि किंचाळली, "बाबा! हे तर व्हिंटेज आहे!"

मी तिथे होतो. साडूंनी आधी तिला तो शब्द दोनदा उच्चारायला लावला, मग अर्थ विचारला. जुनं, पण भारी, लोक शोधत फिरतात असलं, असं तिने सांगितलं.  साडूंनी चष्मा काढून पुसला. मुलीच्या वयापेक्षाही जास्त काळ ज्या गोष्टीबद्दल बायकोची, सासूची, मेहुणीची आणि माझी बोलणी खाल्ली, तिला जगात नाव आहे, तेही इंग्रजीत, हे त्या माणसाला त्या दिवशी कळलं. मग म्हणाले, "देखो साडूभाऊ, आपण वेडे नव्हतो. आपण फक्त लवकर होतो."

मुलीने तो शर्ट मागितला. आता बाप झाला तरी माल असा सहज गेटच्या बाहेर जातो का? कारखान्यात कुठलीही वस्तू बाहेर न्यायची तर गेटपास लागतो. साडूंनी वहीचा कागद फाडून गेटपास बनवला. वस्तू : शर्ट, चौकड्याचा, एक. कारण : कॉलेजात दाखवणे. परत करण्याच्या बोलीवर. खाली मुलीची सही, माझी साक्षीदार म्हणून सही, आणि सुरक्षा अधिकारी म्हणून ताईची. ताईचे हात कणकेचे होते, म्हणून तिने अंगठा लावला.

त्यानंतर साडूंनी जे काही केलं त्याला अभ्यास म्हणावं लागेल. एखादा कपडा नुसता जुना कधी असतो आणि व्हिंटेज कधी होतो, याबद्दल जगात गोंधळ आहे आणि तो निस्तरायला आपल्यासारखा इन्स्पेक्शनचा माणूसच हवा, असं त्यांच्या मनाने घेतलं. महिनाभर खपून त्यांनी नियम केले. पहिला नियम, वय पंचवीस वर्षं पूर्ण. कारण पंचवीस वर्षं नोकरी झाली की कारखाना माणसाला घड्याळ देतो. मग कपड्याने काय पाप केलंय? दुसरा, कॉलरच्या आत शिंप्याची चिठ्ठी शाबूत पाहिजे आणि त्या शिंप्याचं दुकान बंद झालेलं पाहिजे. दुकान चालू असेल तर तसलाच दुसरा शिवून मिळतो, मग त्यात मोठेपणा कसला? तिसरा नियम सर्वांत कडक होता. कपडा मालकाच्या अंगात शिरता कामा नये. "जो अंगात येतो तो वापरातला," साडू समजावून सांगायचे, "जो येत नाही, तो व्हिंटेज." या नियमाने त्यांच्या वाढत्या पोटाला एकदम एक प्रतिष्ठा मिळाली.

मुलीने चिडून सांगून पाहिलं की बाबा, लोक ते घालण्यासाठीच तर शोधतात. साडू म्हणाले, "घालोत बिचारे. त्यांच्याकडे ट्रंका नसतील."

टाउनशिपमध्ये बातमी पसरायला काय लागतं? शेजारच्या क्वार्टरमधले एक गृहस्थ आपला लग्नातला सफारी घेऊन तपासणीला आले. साडूंनी तो खिडकीत उजेडाला धरला, खिसे उलटे केले, शिवणीवरून नख फिरवलं, आणि पँट पाहताच मान हलवली. "चेन बदलली आहे तुम्ही." गृहस्थांनी सांगितलं की हो, मध्यंतरी बिघडली होती. "मग हा ओरिजिनल राहिला नाही," असं म्हणून साडूंनी त्याला पिवळी चिठ्ठी बांधून परत केलं. ते गृहस्थ पुढे महिनाभर वळसा घालून दुसऱ्या रस्त्याने दूध आणायला जात होते. माझा लग्नाचा सूट मात्र पहिल्या फटक्यात पास झाला. त्याला हिरवी चिठ्ठी मिळाली आणि अधिक सुरक्षित जागी म्हणून तो साडूंच्याच ट्रंकेत जमा झाला. मला त्याचा गेटपास आजतागायत मिळालेला नाही.

स्वतःचे नियम त्यांनी एकदाच मोडले. महाराणा प्रताप नगरातल्या एका हॉटेलात कोणाच्या तरी मुलाचं रिसेप्शन होतं, आणि साडू तिथे आपली बेलबॉटम पँट घालून आले. ती अंगात कशी शिरली ते विचारू नका. ताई म्हणाली की दोन तास घरात कोणी बोलत नव्हतं. त्या पँटीचा खालचा घेर एवढा होता की साडू चालायला लागले की सतरंजीवरची फुलं त्यांच्याबरोबर चालायची. स्टेजवर चढताना तो घेर व्हिडिओवाल्याच्या वायरीत अडकला, साडू तसेच नेटाने पुढे गेले, मागे दिवा आडवा झाला आणि नवरा-नवरी एकदम अंधारात गेली. लोक धावले. साडू शांतपणे वाकून घेराची शिवण तपासत होते. "बघा," मला म्हणाले, "एक धागा हलला नाही."

एवढ्यात साडूंची निवृत्ती आली. क्वार्टर सोडायचं होतं. अवधपुरीत त्यांनी एक छोटा फ्लॅट घेऊन ठेवला होता : पुढे बैठक, मध्ये स्वयंपाकघर, एक झोपायची खोली आणि मागे आणखी एक लहानशी खोली, तिला पूर्वेकडे खिडकी. सगळं भांडण त्या खोलीवरून झालं.

ताईला ती खोली हवी होती. ताईने चौतीस वर्षं शिवण केलं ते मागच्या व्हरांड्यात, आणि तिथेही मशीन एका जागी कधी राहिलं नाही. पाहुणे आले की उचला, पाऊस आडवा आला की उचला, साडूंची सायकल आली की सरकवा. मधल्या काळात तिने शेजारच्या किती मुलींचे फ्रॉक शिवले असतील त्याला गणती नाही, पण अर्धा शिवलेला कपडा तसाच मशीनवर ठेवून उठावं आणि सकाळी येऊन पुढची टीप मारावी, हे सुख तिला एकदाही मिळालं नव्हतं. फ्लॅट पाहायला गेलो तेव्हा ती त्या मागच्या खोलीत खिडकीपाशी उभी राहिली, दोन्ही हातांनी हवेत मशीनची जागा मोजली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "इथे." एवढंच.

त्याच वेळी साडू त्याच खोलीत टेप घेऊन ओणवे झाले होते. तीन ट्रंका भिंतीला लागून नेमक्या बसत होत्या. चौथीलाही जागा होती.

ट्रंका साध्यासुध्या नव्हत्या. पत्र्याच्या, माणूस आत झोपेल एवढ्या, आणि त्यांच्यावर साडूंनी कारखान्याच्या पद्धतीने 'ही बाजू वर' आणि 'ओल वर्ज्य' असं पांढऱ्या रंगाने लिहिलेलं. झोपायच्या खोलीत त्या ठेवल्या तर पलंग बाहेर काढावा लागला असता. ताई सहसा आवाज चढवत नाही. त्या संध्याकाळीही तिने चढवला नाही. चहाचे कप गोळा करता करता म्हणाली, "त्या खोलीत एक तर ट्रंका जातील, नाही तर मी जाईन. ट्रंका जाणार असतील तर मी उज्जैनला भावाकडे जाते. तिथे व्हरांडा आहे."

साडू हसले. आम्ही कोणीच हसलो नाही, तेव्हा तेही थांबले. घरी परतताना माझी बायको स्कूटरवर मागून म्हणाली, "जिजाजींना काही तरी समजवा हो. ताई जाईल. मी ओळखते तिला." मी आजवर साडूंना कुठलीच गोष्ट समजावू शकलेलो नाही, पण स्कूटरवर वाद घालता येत नाही.

पुढच्या रविवारी क्वार्टरच्या पुढच्या व्हरांड्यात तपासणी मांडली. अट अशी ठरली की साडूंनी स्वतः एकेक कपडा तपासायचा, लाल चिठ्ठी बसेल तो जायचा, आणि उरलेलं एका ट्रंकेत मावलं तर ती एक ट्रंक पलंगाखाली जाईल. मी साक्षीदार. साडूंनी टेबल मांडलं, चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे केले, चष्मा लावला, आणि आम्ही सकाळी नऊला सुरुवात केली. दुपारी एकपर्यंत दोन ट्रंका झाल्या होत्या आणि लाल चिठ्ठी एका मोज्याला लागली होती. तोही साडू पुन्हा पुन्हा हातात घेऊन पाहत होते, कारण त्याचा जोडीदार तिसऱ्या ट्रंकेत निघण्याची शक्यता होती. प्रत्येक कपड्याचा इतिहास होता. हा स्वेटर घालून ते नोकरीच्या मुलाखतीला गेले होते. ही टाय कोणाकडून तरी उसनी आणलेली होती आणि परत द्यायची राहिली. हा पायजमा का ठेवला ते आठवत नव्हतं, पण ठेवला आहे त्या अर्थी काहीतरी कारण असणारच. मी एका बनियनकडे बोट दाखवून म्हटलं, याला तर नुसती भोकं आहेत. साडू म्हणाले, "भोकं वयाची आहेत. डिफेक्ट नाही."

नेमक्या त्या वेळी फाटकापाशी बर्तनवाली आली. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी, आपल्याकडे जिला बोहारीण म्हणतात ती. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, खांद्यावर गाठोडं. वीसेक वर्षं ती त्या गल्लीत येत होती. ताईने तिला बोलावलं होतं की ती आपली आली होती, ते मला आजही माहीत नाही. साडूंनी तिला पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. कारखान्यात मोठ्या मालाची तपासणी असली आणि बनवणारा व घेणारा यांचं जमेना, की बाहेरचा तिसरा तपासनीस बोलावतात. त्याने जो शेरा दिला तो दोघांनी मानायचा, त्यावर तक्रार नाही. साडूंनी पस्तीस वर्षांत हा नियम कधी मोडला नव्हता.

"हीच आपली थर्ड पार्टी," ते ताईला म्हणाले. "धंदाच कपड्यांचा आहे हिचा. ही सांगेल माल कसा आहे ते. कबूल?"

"तुम्हाला कबूल?" ताईने विचारलं.

"आपण लेखी देतो," साडू म्हणाले, आणि खरंच लेखी दिलं. तपासनीसाचा निर्णय दोन्ही पक्षांवर बंधनकारक राहील, खाली सही. माझीही घेतली. तो कागद त्यांनी बर्तनवालीला वाचून दाखवला. तिने मान डोलावली आणि पाणी मागितलं.

मग ती मांडी घालून बसली. मी कबूल केलं पाहिजे, तिची पद्धत साडूंपेक्षा चोख होती. कपडा उजेडाला धरायची, दोन अंगठ्यांनी ताणायची, काखेची शिवण कानाशी नेऊन जराशी ओढायची आणि नुसत्या आवाजावरून बाजूला टाकायची. साडू कौतुकाने पाहत होते. "बघा, बघा, कशी धरते आहे," मला कोपराने ढोसून म्हणाले. तिसरी ट्रंकही तिने पाहिली. माझ्या सुटाची बाही तिने उलटी केली, टाके पाहिले आणि सूट वेगळा ठेवला, तेव्हा मला उगाच बरं वाटलं. अर्ध्या तासाने तिने हात झटकले.

"बाबूजी, बुरा मत मानना," ती म्हणाली. "इस में जान नई है. खींचो तो जा रिया है. ये एक सूट छोड दो, बाकी पूरे माल पे एक छलनी दे दूँगी. चाय वाली."

म्हणजे तीन ट्रंकांवर मिळून चहाची एक गाळणी. साडूंनी आधी माझ्याकडे, मग आपल्या सहीकडे पाहिलं. "छलनी?" ते म्हणाले. "अरे, ये व्हिंटेज है! तुम को मालूम है पूना में लोग इसको ढूँढते हैं?"

"तो पूना ले जाओ," बर्तनवाली म्हणाली. तिला राग आला नव्हता. उलट तिचा आवाज समजुतीचा होता. "बाबूजी, आप के घर का माल मैं पेचानती हूँ. बाई का माल ए-वन रेता था. बाई की साडी पे मैंने कभी छलनी नई दी. वो मोरपंखी चंदेरी थी ना, उस पे वो बडी परात दी थी. बैंगनी महेश्वरी पे तीन डिब्बे, ढक्कन समेत. और वो लाल शालू, जरी वाला, शादी का, उस पे पूरा सेट दिया था, बिटिया पूना जा री थी तब. मैंने तो के दिया था, बाई, सोच लो."

साडू हळूच ताईकडे वळले. "शालू?"

ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "तुम्हीच म्हणाला होतात ना, पोरीला घरातलीच भांडी दे. घरातली दिली असती तर आपण जेवलो कशात असतो?"

"मला कसं कळलं नाही?"

हा प्रश्न खरा होता. टाक्यावरून लग्न ओळखणारा, समोरच्याची बदललेली चेन हेरणारा माणूस, आणि त्याच्या घरातून एकेक करून साड्या जात राहिल्या आणि त्याच्या लक्षात आलं नाही.

"माझ्या कपड्यांचं इन्स्पेक्शन तुम्ही कधी केलंच नाहीत," ताई म्हणाली. तिने हे टोचून म्हटलं नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं, तसं सांगितलं.

साडू उठून आत गेले. मला वाटलं पाणी प्यायला गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी मागोमाग गेलो, तर ते कपाटासमोर उभे होते. त्या कपाटात ताईचा एक खण होता. एकच, बाकीच्यात साडूंचे 'वापरातले' कपडे. खणातल्या साड्या त्यांनी पलंगावर काढून ओळीने मांडल्या होत्या आणि ते एकेकीची किनार बोटाने चाचपत होते. नऊ साड्या. "यातली सगळ्यात जुनी कोणती?" त्यांनी मला विचारलं. मला काय माहीत? मी ताईला हाक मारली. ताईने लांबूनच सांगितलं, "ती निळी. सात वर्षांची असेल."

"सात," साडू म्हणाले. त्यांनी ती निळी साडी घडी घालायचा प्रयत्न केला. त्यांना साडीची घडी घालता येत नव्हती. दोनदा चुकल्यावर ताई आत आली आणि तिने घालून दिली. मी त्या माणसाची आयुष्यभर थट्टा करत आलो आहे. पण त्या वेळी मला आमचं कपाट आठवत होतं, आणि माझ्या बायकोची सर्वांत जुनी साडी कोणती, हे मलाही सांगता आलं नसतं.

बाहेर येऊन त्यांनी निर्णय मानला. लेखी दिलं होतं. पण साडू ते साडूच. गाळणी त्यांनी तशी घेतली नाही. उजेडाला धरून पाहिली, पाणी ओतून पाहिलं, कड वाकडी आहे म्हणून पहिली परत केली. दुसरी पास झाली. मग गेटपास लिहिला. वस्तू : कपडे, तीन ट्रंका. 'परत करण्याच्या बोलीवर' ही ओळ त्यांनी लिहिली आणि खोडली. बर्तनवालीला एका खेपेत एवढं नेता येईना, तेव्हा साडूंनी स्वतःच्या सायकलवर दोन गाठोडी लादली आणि तिच्याबरोबर बरखेड्यापर्यंत चालत गेले.  भोकांचं बनियन मात्र त्यांनी वाटेत काढून घेतलं असावं, कारण पुढे ते मी त्यांच्या अंगावर पाहिलं. माझा सूट त्यांनी पलंगाखाली ठेवायला मागितला. मी दिला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. साडू थकले आहेत. गुडघे बोलतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि ताईने सुईत दोरा ओवून द्या म्हटलं की तिला सांगतात, आण, दिसतंय मला, आणि तिच्या लक्षात येऊ न देता माझ्याकडे सरकवतात. कोणी कपड्यांवरून विषय काढलाच, तर म्हणतात, "मला त्यातलं फारसं कळत नाही." मुलीने पुण्याहून तो चौकड्यांचा शर्ट परत पाठवला, तोही त्यांनी उघडून पाहिला नाही. ताईने त्याच्या कॉलरला हात घालताच मात्र म्हणाले, "नीट धर."

मागच्या रविवारी मी अवधपुरीला गेलो होतो. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आतून मशीनचा आवाज येत होता. साडूंनी स्वतः चहा केला. दोन कप ट्रेमध्ये ठेवले, ट्रे घेऊन हळूहळू त्या दारापर्यंत गेले आणि बोटाच्या पेराने दारावर दोनदा वाजवलं. "आत येऊ का?"

"थांबा जरा," आतून ताई म्हणाली. "टीप चालू आहे."

साडू थांबले. ट्रे जड होत होता, कपात साय धरायला लागली होती. मी पुढे होऊन म्हटलं, अहो, जा ना सरळ, घर तुमचंच आहे. त्यांनी मान हलवून मला गप्प केलं. त्या माणसावर माझा जीव आहे हे मला माहीत होतं, पण इतका आहे हे त्या दारात उभं राहून कळलं. मी त्यांच्या हातातला ट्रे एका बाजूने धरला, आणि मशीन थांबेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.